मामांचा अर्धा इलाज

नांदेडला एका मेडिकल दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांचा दवाखाना आहे. तिथल्या कपाटात माझ्या नावाची फाईल आहे. तिच्याप्रमाणे मी सहा वेळा तिथं गेलो, रडलो, माझा इलाज निम्म्याच्या वर झाला, आणि शेवटच्या दोन बैठका न करताच मी जायचं बंद केलं. यातलं एक अक्षर माझं नाही. जाणं मामांचं, रडणं मामांचं, नाव तेवढं माझं. पण इलाज अर्धा सुटला तो माझ्यामुळं, म्हणून नाव योग्य जागी आहे असं आता वाटतं.

मामा म्हणजे काही माझ्या आईचे भाऊ नव्हेत. आम्ही दोघं रेल्वेत. ते इंजिनाचे ड्रायव्हर, मी त्यांचा असिस्टंट. कागदावर आम्हाला लोको पायलट म्हणतात, पण मुदखेडच्या हॉटेलात कुणी 'या पायलटसाहेब' म्हणलं असतं तर मामांनी मागं वळून बघितलं असतं, विमानातून कोण उतरलं म्हणून. अख्ख्या लायनीवर ते मामा. आणि ते स्वतः सगळ्यांना मालक म्हणायचे. मला मालक, गेटमनला मालक, साहेबाला मालक, प्लॅटफॉर्मवरच्या कुत्र्यालाही मालक.

मूळचे निलंग्याकडचे. बायको लवकर गेली, एकच मुलगी, तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं. स्वभावानं लई तऱ्हेवाईक. उजव्या हाताला घड्याळ. डबा गाडी मुक्कामाला पोचल्याशिवाय उघडायचा नाही, मग भाकरी वाळून कडक झाली तरी चालेल. आणि त्यांचा हॉर्न! बाकीचे ड्रायव्हर नियमापुरता वाजवतात. मामा दोन-दोन किलोमीटर हात काढायचे नाहीत. माझे कान त्यांनीच खराब केले. भोकरच्या अलीकडं एका शेतकऱ्यानं तर स्टेशनात येऊन भांडण काढलं होतं.

"ओ मामा, तुमच्या भोंग्यानं माझी म्हैस दूध चोरून राहिली!"

मामा खिडकीतून म्हणाले, "चोरू द्या मालक. तुम्ही ते रूळ वलांडून म्हशीकडं जाता, ते आधी बंद करा."

तो माणूस शिव्या देत गेला. मीही तेव्हा हसलो होतो. नवीन होतो, मला काय कळत होतं.

आमच्या नोकरीत एक गोष्ट कुणाला चुकत नाही. आज ना उद्या गाडीखाली माणूस येतं. कुणी गवताचा भारा घेऊन रूळ ओलांडत असतं, कुणी फोनवर बोलत असतं. भरलेली मालगाडी ब्रेक मारल्यावर सुद्धा किलोमीटरभर सरकत जाते. ब्रेक मारून झाला, हॉर्न वाजवून झाला, की पुढं हातात काही नसतं. फक्त बघत बसायचं. आणि शेवटी ते माणूस वर बघतं. सरळ काचेतून, ड्रायव्हरच्या डोळ्यांत. ज्याला ज्याला हे घडलं, तो तो हेच सांगतो.

मी नाही सांगू शकत. मामांबरोबर मी इतकी वर्षं काढली, पण मी एकही चेहरा बघितला नाही. तशी वेळ आली की मामा ओरडायचे, "मालक, खाली बघा!" आणि मी खाली बघायचो. नियम असा की दोघांची नजर समोर पाहिजे. मी एकदा तसं म्हणलोही. तर म्हणाले, "एकाचं भागतंय की. दोघांनी कशाला झोप घालवायची?"

तेव्हा मला ही त्यांची दयाळू लहर वाटली. उपकार होता तो, आणि लई महागाचा.

पण त्यांची खरी तऱ्हा पुढं आहे. गाडीखाली आलेल्या माणसाचं गाव ते शोधून काढायचे आणि तेराव्या दिवशी तिथं जाऊन तेरवीला जेवायचे. कुणाला ओळख सांगायची नाही. पंगतीच्या शेवटी बसायचं, वाढतील ते खायचं, ताटात शीत ठेवायचं नाही, हात जोडून निघायचं. ड्रायव्हर लोकांत त्यांची चेष्टा व्हायची. "मामा, या महिन्यात कुठलं आमंत्रण?" असं कुणी म्हणलं की मामा हसून घ्यायचे. मला मात्र त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटायची.

एकदा मला घेऊन गेले. मुदखेडजवळचंच गाव. एक म्हातारा गेला होता, बहिरा. त्याचा भाऊ स्वतः वाढत होता. मामांपुढं थांबून म्हणाला, "पाव्हणं कुठलं? वळखू आलं न्हाई."

"वाटंवरचा हाव," मामा म्हणाले. "एकदा गाठ पडली होती दादांची."

"मग घ्या की अजून एक पोळी. दादाला कुणी उपाशी उठलेलं आवडायचं न्हाई."

मामांनी घेतली. आणखी एक आग्रह झाला, तीही घेतली. परत येताना गावाबाहेर बाभळीखाली वाकून सगळं ओकले. मी पाठ चोळत होतो आणि चिडलो होतो. "कशाला यायचं मग खामखा? तुमची चूक हाय का?"

चूळ भरून म्हणाले, "चुकीचं कोण म्हणतंय मालक? शेवटचं त्यानं माझ्याकडं बघितलं. घरच्यांकडं बघायचं ते माझ्याकडं बघितलं. त्याच्या घरी जाऊन यावं वाटतं."

अशा दहा तेरव्या त्यांनी केल्या. अकरावी झाली नाही.

अकरावी एक मुलगी होती. कानात ते गाणी ऐकायचे बोंडूक घालून रुळाच्या कडेनं चालली होती आणि पायवाट संपली तिथं रुळावर चढली. दुपारचे साडेबारा. मामांचा हॉर्न आधीपासून चालू होता. ब्रेक मारला. मला हुकूम झाला, मी खाली बघितलं. गाडी थांबल्यावर मी मामांकडं बघितलं तर ते अजून ब्रेक दाबत होते. गाडी उभी होती, तरी दाबत होते. त्यांची बोटं मी एकेक करून सोडवली.

तेराव्या दिवशी धुतलेले कपडे घालून मामा मुदखेडच्या बसस्टँडवर गेले. तीन गाड्या सोडल्या आणि घरी परत आले. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

त्यांची मुलगी लातूरला नर्स होती. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायची. त्या वेळी आली ती दोन दिवस राहून माझ्या घरी आली आणि चहाचा कप हातात तसाच धरून रडायला लागली. "काका, माझं काय चुकलं? बाबा माझ्याकडं बघतच नाहीत. मी समोर बसले की भिंतीकडं तोंड करतात. जेवताना सुद्धा."

मी मामांना गाठलं. ते म्हणाले, "तिच्या तोंडाकडं बघितलं की ती दिसती, मालक. डोळे तिचेच. तशीच बघती. माझ्या लेकीचं तोंड हरवलं."

"मग सांगा की तिला तसं."

"काय सांगू? तुझ्या जागी मला मेलेली पोर दिसती, असं? आपल्या तोंडानं लेकीला असं म्हणावं का?"

मी घरातल्या कुणाच्या नावानं असलं अभद्र बोललो असतो का? नसतोच बोललो. म्हणून मीही त्या पोरीला काही सांगितलं नाही. "कामाचा ताण हाय," म्हणालो.

नांदेडच्या त्या मॅडमचं नाव मला एका ओळखीच्या कंपाउंडरनं दिलं. डोळे हलवून मनावरच्या घावाचा इलाज करतात म्हणाला. मामा हसले. "चौतीस वर्षं नजर समोर ठेव म्हणून पगार खाल्ला, आता बाई म्हणती इकडं तिकडं बघा." पण आले. अट एकच. नाव माझं लावायचं. कारण काय, तर डोळ्यांचा इलाज चाललाय अशी कुजबुज डेपोत गेली तर निवृत्तीच्या तोंडावर इंजिनावरून खाली उतरवतील, अशी त्यांना भीती. डोळ्यांचं नाव काढलं की ड्रायव्हरचा जीव निम्मा होतो. हा डोळ्यांचा इलाज नव्हे, डोळ्यांनी केलेला मनाचा इलाज आहे, हे मी त्यांना समजावून थकलो.

दुसरी अट तिथं गेल्यावर घातली. "हा माझा असिस्टंट. हा शेजारी बसल्याबिगर मी गाडी काढत न्हाई." मॅडम तरुण होत्या, पण धीराच्या. पहिल्या बैठकीला मला आत बसू दिलं. माझ्या नावानं हाक मारून मामांना विचारायच्या आणि दरवेळी दचकायचो मी.

मॅडमनं साध्या भाषेत सांगितलं. "वाईट आठवण कधीकधी जुनी होतच नाही. आत्ता घडतंय असंच मनाला वाटत राहतं. ते चित्र मनात धरायचं आणि माझ्या बोटांबरोबर डोळे फिरवायचे. थोड्या थोड्या वेळानं थांबायचं, काय दिसतंय ते सांगायचं. तुम्ही जागेच असणार, मी गुंगी देणार नाही. आठवण जाणार नाही, तिचा भार कमी होईल. नेमकं कशानं होतं यावर जाणकारांत अजून वाद आहेत, पण बऱ्याच लोकांना बरं वाटतं."

"भानामती न्हाई ना?" मामांनी विचारलं.

"नाही हो."

"मग ठीक."

शून्य ते दहात त्रास किती, असं मॅडमनं विचारलं. मामा म्हणाले, "एकशे दहा." त्यांना आकडा म्हणजे गाडीचा वेग. मॅडमनं तेच माप लिहून घेतलं.

मग त्यांनी दोन बोटं उभी धरली आणि मामांच्या डोळ्यांपुढून डावीकडून उजवीकडं झपाझप फिरवायला सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला मामांचा हात पुढं झेपावला, पाय रेटले, खुर्ची मागं सरकून भिंतीला आपटली. मॅडम घाबरल्या. मी मात्र कपाळाला हात लावला. आमच्या नोकरीत पहिल्या दिवशी शिकवतात: रुळाजवळ कुणीही हात, फडकं, दिवा, काहीही आडवं जोरात हलवलं तर तो धोका. विचार करायचा नाही, गाडी थांबवायची. ती बिचारी बाई ड्रायव्हरसमोर हात आडवा हलवून म्हणत होती, शांत व्हा.

मी समजावून सांगितल्यावर मॅडमनं हात खाली घेतला. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. तिरका फिरवू." डाव्या गुडघ्याकडून उजव्या खांद्याकडं, असा. मामांचे डोळे त्या बोटांमागं जाऊ लागले. हात मांडीवर राहिला. पुढच्या बैठकीपासून मला बाहेर बसवलं.

बाहेर बाकावर बसून मी काय काय ऐकलं ते सांगत नाही. रडणं ऐकलं. पहिल्यांदाच ऐकलं. पण मामा बाहेर यायचे तेव्हा खांदे सैल झालेले असायचे, आणि खाली आल्यावर चहा मागायचे. आकडा नव्वद झाला, मग साठ. चौथ्या वेळेनंतर म्हणाले, "ती लांब गेली मालक. हाय, पण लांब हाय. तिची ओढणी निळी होती, ते आज दिसलं. आधी नुसते डोळेच होते." पाचव्या वेळेनंतर स्वतःहून म्हणाले, "किलोमीटर लागतो गाडी थांबायला. मी हॉर्न दोन किलोमीटर आधी धरला होता. मला जेवढं करता आलं तेवढं केलं, असं वाटायलंय." अहो, दहा वर्षं मी हेच सांगत होतो त्यांना! माझं सांगणं कानावरून गेलं, आणि हे आतून आलं.

त्या आठवड्यात मुलगी घरी आली. ती गेल्यावर मामांनी मला फोन केला. आवाज असा की लॉटरी लागली. "मालक, टिकलीपर्यंत पोचलो! कपाळ बघितलं, टिकली बघितली. आता डोळे तेवढे राहिले. दोन बोटांचं अंतर हो!"

सहाव्या बैठकीला आकडा तीसवर आला. मॅडम म्हणाल्या, "अजून दोन बैठका. पण मी तीन महिने सुट्टीवर चालले, बाळंतपण आहे. तोवर पाहिजे तर संभाजीनगरच्या एका मॅडमकडं पाठवते. घरी मात्र हे करू नका. बोटं फिरवणं सोपं दिसतं. उघडलेलं मिटवता आलं पाहिजे."

मामा दुसऱ्या कुणाकडं जायला तयार होईनात. आणि तीन महिने हातात नव्हते. मुलीचं लग्न ठरलं होतं, वीस दिवसांवर आलं होतं. मी म्हणालो, आता तरी तिला सगळं सांगा. मामांनी कानांवर हात ठेवले. "हळद लागायच्या तोंडावर मेलेल्या पोरीचं नाव? न्हाई जमायचं." आणि खरं सांगतो, मलाही ते पटलं. आमच्यात कुणालाही पटलं असतं.

लग्नाच्या चार दिवस आधी मामांनी मला घरी बोलावलं. मुलगी खरेदीला गेली होती. "मालक, तुम्ही करा. तुम्ही बघितलंय मॅडमला करताना. दोन बोटांचं काम हाय. पाठवणीच्या वेळी मला तिचं तोंड बघायचंय."

नाही म्हणायचं होतं. मला ते आलं नाही. उलट छाती फुगली माझी. जन्मभर त्यांनी मला खाली बघायला लावलं, आज मी त्यांच्या उपयोगी पडत होतो. मी समोर खुर्ची घेतली, बोटं उभी केली.

"तिरका," मामा म्हणाले.

मी तिरका फिरवला. दोन फेऱ्या तिरक्या गेल्या, तिसरी आडवी. "तिरका, मालक." पुन्हा तिरका, पुन्हा आडवा. इतक्या वर्षांची धोका दाखवायची हाताची सवय, घाई झाली की हात आडवाच जातो. मामांचा हात पुढं झेपावला. "लागत न्हाई," ते म्हणाले. "ब्रेक लागत न्हाई." मी थांबायचं सोडून जोरात फिरवू लागलो, मला वाटलं आता पलीकडं निघतील. मग ते एकेकाला ओळखू लागले. बहिरे दादा. गवतवाली. फोनवाला. कुणाचा रुमाल, कुणाची टोपी. अकराच्या अकरा आले, आणि सगळे त्यांच्याकडं बघत होते. मी त्यातला एकही चेहरा बघितलेला नव्हता, आणि मी ते गाठोडं सोडून बसलो होतो.

मी त्यांचे हात धरले, "झालं मामा, झालं," म्हणत राहिलो, पाणी दिलं आणि टीव्ही लावला. होय, टीव्ही लावला मी. कुठलीशी मालिका चालू होती. मामा भिंतीकडं तोंड करून बसले.

पाठवणीच्या वेळी मी त्यांच्या बाजूला उभा होतो. मुलगी पाया पडली, उठली, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, एकदा बघा की माझ्याकडं."

मामा गाडीच्या चाकाकडं बघत होते. त्यांनी मान उचलली. कपाळापर्यंतही पोचले नाहीत. त्यांचा हात पुढं गेला आणि हवेत खाली दाबला गेला, दाबतच राहिला. लोकांना वाटलं आशीर्वाद देतात. बायांनी डोळे पुसले. मुलगी थोडा वेळ थांबली आणि गाडीत बसली. मागं वळून बघितलं नाही तिनं.

मॅडम परत आल्यावर मी फोनवर सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. "आणा त्यांना, अजून होईल," म्हणाल्या. मामांना सांगितलं तर म्हणाले, "आता कुणाकडं बघायचंय, मालक?" मी रोज मागं लागलो, भांडलो, पाया पडलो. निवृत्त झाल्यावर त्यांनी दाराला आतून कडी लावायला सुरुवात केली. मुलीचे फोन येणं कमी झालं. मागच्या उन्हाळ्यात सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं, उघडलं नाही. छातीचा झटका होता.

मुलगी लातूरहून आली. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही घरी आलो, बाकीचे पांगले. तिनं मला चहा दिला आणि समोर बसली. "काका, आता तरी सांगा. बाबा माझ्याकडं का बघत नव्हते?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. निळी ओढणी, टिकली, मॅडम, माझ्या नावाची फाईल, माझी दोन बोटं, टीव्ही. काही लपवलं नाही. म्हणलं, शिव्या दे, मार मला. तिनं तसलं काही केलं नाही. नर्स पेशंटला विचारते तशी विचारत गेली.

"किती बैठका राहिल्या होत्या?"

"दोन."

"मॅडम किती दिवसांनी येणार होत्या?"

"तीन महिन्यांनी."

ती बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"लग्नाची तारीख मी धरली होती, काका. बाबा दिवाळीनंतर करू म्हणत होते. मीच म्हणलं लवकर करा. जे घर माझ्याकडं बघत नाही, तिथं कशाला राहायचं, असं वाटलं मला. तुम्ही एकानं जरी सांगितलं असतं, तर मी थांबले असते की."